लेक पळायला निघाली तर...

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेचं नवल कुणाला नाही. अपशिंगे गावाला तर सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. मुलगा म्हणाला, ‘भरतीची तयारी करतो’, की आई पहाटे उठून त्याच्यासाठी अंडी उकडायला ठेवते. तेच मुलगी म्हणाली, की घरात कुणीच काही बोलत नाही. त्या गप्प बसण्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. गेली पंचवीस वर्षं मी हायस्कूलला गणित शिकवते आणि ते गप्प बसणं मुलींच्या चेहऱ्यावर वाचते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, कित्येक दशकं फक्त मुलगेच जात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू दिलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तीन वर्षांचं खडतर प्रशिक्षण पुरं करून, तीनशेवर मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडल्या. पण ही परीक्षा बारावीत असताना किंवा बारावीनंतर लगेच द्यायची असते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. ‘आधी ग्रॅज्युएट होऊ दे, मग बघू’ म्हणेपर्यंत हे दार बंद झालेलं असतं. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत. म्हणून हात जोडून सांगते, आठवी-नववीतल्या मुलीसमोर ‘हिला गणित जमत नाही’ असं पाहुण्यांना सांगू नका. ती ऐकते, आणि खरं मानते.

पदवीनंतर चेन्नईच्या ओटीएची, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीची, वाट आहेच. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, आणि दोन लेकरांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वातीताई या अकादमीतूनच २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांना वयाची सवलत मिळाली होती. सगळ्यांना मिळत नाही.

लग्नाचं काय, हे प्रत्येक आई विचारते. प्रशिक्षण होईपर्यंत लग्न करता येत नाही. अधिकारी झाल्यावर करता येतं, बाळंतपणाची रजाही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर सैन्यदलाच्या अनेक शाखांत मुलींना कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मिळाला. पायदळ आणि रणगाडा दल अजून खुलं नाही, हेही सांगायला हवं. आणि जिवाची भीती? ती मी कशी घालवू? मुलाच्या आईलाही ती असतेच, तरी ती अंडी उकडते.

गणिताइतकंच अंगात बळही लागतं. मागच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी मैदानावर दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागली. तपासणीत हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. आईला बोलावलं. बिचारी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, ‘बाई, दुधाचा पेला भावाला जातो. हिला चहा आवडतो म्हणून चहा देते.’ मी मुलीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, ‘मला दूधही आवडतं.’

त्या माउलीला दोष देण्याचं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या माहेरीही असंच होतं. पण त्या दिवसापासून त्या घरात दोन पेले भरू लागले, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि शेंगदाण्या-गुळाची पुरचुंडी तिच्या दप्तरात दिसू लागली.

राहिला प्रश्न पहाटे पळायचा. अंधारात पोरगी एकटी कशी सोडायची, ही काळजी अगदी रास्त आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी ती स्वतःच मिटवली. रोज साडेपाचला कॅनॉलच्या रस्त्यावर ती पुढे पळते आणि ते मागून मोटारसायकल पहिल्या गियरमध्ये चालवतात, दिवा तिच्या पायांपुढे पडेल अशी. पहिल्या आठवड्यात गावातल्या दोघातिघांनी विचारलं, ‘काय हो, पोरीला कुठं पळवताय?’ परवा मी फिरायला गेले होते, तर त्याच दिव्याच्या उजेडात तिच्यामागे आणखी दोघीजणी पळत होत्या.