लाजाळूपणा की लोकांची भीती?

मिस्साच्या आधी वाचकांची शोधाशोध सुरू झाली, की मागच्या बाकांवरची काही तरुण मंडळी हळूच दाराकडे सरकतात. 'लाजतात बिचारे' म्हणून आपण त्यांना सोडून देतो. पण लाजणे वेगळे आणि लोकांची भीती वाटणे वेगळे.

लाजाळू माणूस सुरुवातीला गप्प असतो, ओळख झाली की खुलतो. ज्याच्या मनात भीती बसली आहे, त्याला रविवारचे वाचन सोमवारपासूनच छळू लागते. आवाज थरथरेल, शब्द चुकेल, लोक हसतील! छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. घरी आल्यावरही कुठे चुकलो याचीच उजळणी. पुढे लग्नकार्य, मुलाखत, सारेच टाळले जाते. असे सहा महिन्यांहून अधिक चालले आणि शिक्षण, नोकरी अडू लागली, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो.

खरी गोम टाळण्यात आहे. दाराबाहेर पडताच धडधड थांबते आणि मन शिकते, 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती अधिकच वाढते. आपण मोठी माणसेही नकळत तिला खतपाणी घालतो. पाहुण्यांनी मुलीला नाव विचारले, की उत्तर आई देते, "आमची लाजते हो!" मुलीची सुटका होते, पण बोलण्याची संधीही जाते. तिला चारचौघांत ओढून "गा बघू" म्हणणे हेही तितकेच वाईट.

आम्ही वाचक गटातले काही धीट जन्मलो नव्हतो. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी वाचनाआधीच 'हा प्रभूचा शब्द' म्हणून टाकले होते! नंतर विचारले, तर निम्म्या लोकांच्या ते लक्षातही आले नव्हते. आपल्या चुकांकडे जग पाहते त्यापेक्षा आपणच जास्त पाहतो.

म्हणून एकदम उडी नको. आधी घरी मोठ्याने वाचावे, मग रोझरीच्या वेळी घरच्यांसमोर, मग रिकाम्या चर्चमध्ये माइकवर, मग रोजच्या सकाळच्या मिस्साला, जिथे माणसे थोडी असतात. रविवार सर्वांत शेवटी. एका पायरीवरची भीती ओसरेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करावी. मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले, तेव्हा देवाने त्याला कामातून सोडले नाही. सोबत अहरोन दिला. तशी सोबत आपणही देऊ शकतो.

धीर यावा म्हणून 'एक पेग' घेणारेही आहेत. त्याने भीती जात नाही, पेगची सवय मात्र लागते.

भीती फारच जखडून ठेवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी पुष्कळांना बरे वाटते. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते.

शनिवारी संध्याकाळी चर्च रिकामे झाल्यावर आम्ही अर्धा तास माइक चालू ठेवतो. ऐकायला आमच्यापैकी एकच जण बसलेला असतो, तोही अगदी मागच्या बाकावर.