ऑस्टिन ते अँकरेज : एका सायकल मोहिमेवरून चार तासिकांचा पाठ



सहावी ते आठवीच्या मुलांना 'सरासरी' शिकवताना आपण बहुतेक वेळा धावांची नाहीतर गुणांची उदाहरणे घेतो. मुले गणित सोडवतात, उत्तर बरोबर येते आणि विषय तिथेच संपतो. आज मी तुमच्यासमोर असा एक विषय ठेवतो आहे, ज्यात गणित, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र आपोआप एकत्र येतात आणि शेवटी 'दान म्हणजे काय?' हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. विषय आहे एका गटाची लांब पल्ल्याची सायकल मोहीम. चार तासिका पुरतात. साहित्य म्हणाल तर जगाचा नकाशा, दोरा, एक सायकल आणि फळा.

मोहीम काय आहे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन हे शहर आहे. तिथल्या टेक्सास विद्यापीठाचे विद्यार्थी दरवर्षी उन्हाळ्यात ऑस्टिनहून सायकलवर निघतात आणि थेट अलास्कातल्या अँकरेजपर्यंत जातात. मोहिमेचे नाव 'टेक्सास ४०००'. अंतर ४००० मैलांहून जास्त, वेळ सुमारे ७० दिवस. पहिली मोहीम २००४ साली निघाली. ती सुरू करणारा क्रिस कॉन्डिट हा विद्यार्थी लहानपणी स्वतः कर्करोगातून बरा झालेला होता. म्हणून मोहिमेचा हेतूही कर्करोगाशी लढा हाच आहे. आशा, ज्ञान आणि दान या तीन गोष्टी वाटत जायचे, असे ते सांगतात.

निघण्याआधी प्रत्येकाने सुमारे साडेचार हजार डॉलर देणगी गोळा करायची असते. तयारी वर्षभराहून जास्त चालते : सराव, स्वयंसेवा, वाटेतल्या मुक्कामांची सोय. यातले बरेचजण मुरलेले सायकलपटू नसतात, साधी कॉलेजची मुले असतात. हा मुद्दा वर्गात जरूर सांगा. नाहीतर मुलांना वाटते, हे काहीतरी वेगळ्याच माणसांचे काम आहे.

रोज सकाळी निघण्यापूर्वी सगळे गोल करून उभे राहतात आणि आजचा दिवस कोणासाठी चालवणार ते सांगतात. कोणी आजीचे नाव घेतो, कोणी मित्राचे, कोणी काल रात्री ज्यांच्याकडे मुक्काम झाला त्यांच्या घरातल्या रुग्णाचे. मग सायकली निघतात.

आपल्या मुलांना हे समजायला अवघड नाही, कारण वारी त्यांना माहीत असते. रोजचा टप्पा ठरलेला, मुक्काम ठरलेला, वाटेतल्या गावांनी जेवण द्यायचे, कोणी पाय चेपायचे. टेक्सासची ही मुलेही वाटेतल्या चर्चमध्ये, शाळांमध्ये, लोकांच्या घरी उतरतात. वारी भक्तीची आणि ही मोहीम मदतीची, हा फरक आहेच. पण लांबचा प्रवास अनोळखी लोकांच्या आधारावर पार पडतो, हे दोन्हीकडे सारखे.

तासिका पहिली : गणित

फळ्यावर एवढेच लिहा : ४००० मैल, ७० दिवस.

१ मैल म्हणजे सुमारे १.६१ किमी. म्हणजे ४००० मैल झाले सुमारे ६४४० किमी. ७० ने भागले की रोजचे ९२ किमी येतात. इथे थांबा आणि विचारा, "रोज बरोबर ९२ किमीच जात असतील का?" मुले लगेच म्हणतात, "नाही सर, घाट असेल तर कमी." कोणीतरी म्हणतेच, "सुट्टी नसते का?" हाच प्रश्न आपल्याला हवा आहे. समजा ७० पैकी १० दिवस विश्रांतीचे. मग चालवायचे दिवस ६० आणि सरासरी सुमारे १०७ किमी. एकाच प्रवासाच्या दोन सरासऱ्या निघाल्या आणि दोन्ही बरोबर आहेत! सरासरी सांगताना कशाला कशाने भागले ते सांगावे लागते, हे मुलांना इथे पटते. नुसती व्याख्या पाठ करून ते पटत नाही.

पुढचा प्रश्न : ताशी २० किमी वेगाने १०७ किमीला किती वेळ? साडेपाच तासांच्या आसपास. त्यात पंक्चर, जेवण, पाणी, चढ मिळवा. मुलांनाच दिवसाचे वेळापत्रक करू द्या.

तासिका दुसरी : भूगोल

ऑस्टिन साधारण ३०° उत्तर अक्षांशावर, अँकरेज ६१° वर. फरक ३१°. एका अंशाला सुमारे १११ किमी धरले तर ३४४० किमी. मग प्रवास ६४०० किमीच्या वर कसा गेला?

नकाशा बघितला की उत्तर सापडते. ऑस्टिन ९८° पश्चिम रेखांशाजवळ आहे आणि अँकरेज १५०° जवळ. म्हणजे उत्तरेला जाता जाता पश्चिमेलाही भरपूर सरकायचे आहे. पृथ्वीगोल असेल तर दोन्ही ठिकाणांवर दोरा ताणून धरा. हवाई अंतर सुमारे ५१०० किमी भरते. उरलेली वाढ रस्त्याच्या वळणांची आणि मुद्दाम घेतलेल्या वळशांची, कारण मोहिमेचे गट वेगवेगळ्या मार्गांनी जातात. एक मार्ग रॉकी पर्वताच्या बाजूने जातो. हाच दोरा भिंतीवरच्या सपाट नकाशावर ताणला तर माप चुकते. का चुकते, हा हुशार मुलांसाठी गृहपाठ.

दुसरी गंमत उजेडाची. २१ जूनच्या आसपास पुण्यात दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास असतो, ऑस्टिनला सुमारे १४ तास आणि अँकरेजला १९ तासांहून जास्त. उन्हाळ्यात जसजसे उत्तरेला जावे तसतसा दिवस मोठा मिळतो. पृथ्वीचा कललेला आस शिकवताना आपण बॅटरी आणि चेंडू घेतोच. त्याच्या जोडीला विचारा, "ही मोहीम डिसेंबरमध्ये काढली असती तर?" अँकरेजला तेव्हा जेमतेम साडेपाच तासांचा दिवस असतो, थंडी वेगळीच. मोहीम उन्हाळ्यात का, ते आता सांगावे लागत नाही.

तासिका तिसरी : विज्ञान

वर्गात सायकल आणा. शिपाईकाकांची चालेल, मुलांची चालेल. पुढच्या चाकीचे दात मोजायला लावा, मग मागच्या चाकीचे. समजा पुढे ४४ आणि मागे १८ निघाले. ४४ ÷ १८ = सुमारे २.४. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक २.४ वेळा फिरते. चाकाचा परीघ दोऱ्याने मोजा आणि गुणा. एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते निघाले. मैदानावर खडूने खुणा करून पडताळून बघा. गिअरच्या सायकलला चढावर मागची मोठी चाकी लावतात. समजा पुढे ३४ आणि मागेही ३४, मग एका फेऱ्याला चाक एकदाच फिरते. वेग गेला, पण पायावरचा जोर कमी झाला. 'बल कमी तर अंतर जास्त' हा यंत्रांचा नियम मुले हाताने मोजून शिकतात.

दुसरा भाग वाऱ्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. म्हणून सायकलवाले एकामागे एक रांगेत चालवतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना कमी कष्ट पडतात. थोड्या वेळाने पुढचा मागे येतो आणि दुसरा पुढे जातो. 'गटकार्य' या शब्दावर आपण कितीतरी भाषणे देतो. इथे तर विज्ञानच सांगते आहे : कायम एकच पुढे राहिला तर तो लवकर दमेल आणि सगळ्या रांगेचा वेग कमी होईल. आलटून पालटून पुढे जाण्यात सगळ्यांचाच फायदा आहे.

तासिका चौथी : पैसे आणि प्रश्न

ही तासिका घाईत उरकू नका. इथे एखादे मूल हमखास विचारते, "सायकल कशाला चालवायची? तेवढे पैसे सरळ देऊन टाकायचे ना!"

या प्रश्नाला गप्प करू नका, प्रश्न अगदी योग्य आहे. आधी हिशेब करू या. कॉलेजच्या मुलाकडे साडेचार हजार डॉलर नसतात. पण १०० डॉलर देणारी ४५ माणसे मिळाली तर होतात. ती ४५ माणसे काहीच कारण नसताना देतील का? 'मी कर्करोगाच्या संशोधनासाठी अलास्कापर्यंत सायकल चालवतोय' असे कोणी म्हणाले की ऐकणारा थांबतो, विचारतो, आपल्या घरातली गोष्ट सांगतो आणि मग खिशात हात घालतो. कष्ट हे त्या मागण्यामागचे तारण असते. या मार्गाने 'टेक्सास ४०००' ने आजवर एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आहे.

पण दुसरी बाजूही मुलांसमोर ठेवा. जेवण, टायर, सोबतची गाडी, तिचे इंधन यांचा खर्च कोण करते? देणगीतला किती भाग प्रत्यक्ष कामाला लागतो? यासाठी दुसऱ्या एका मोहिमेचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात 'पॅन-मास चॅलेंज' ही सायकल फेरी १९८० पासून निघते. बिली स्टार यांची आई कर्करोगाने गेली, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ही फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वार होते आणि जमले १०,२०० डॉलर. माणशी किती? सुमारे २८३. आज एकूण देणगी १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. ती बोस्टनच्या डेना-फार्बर या कर्करोग संस्थेला जाते. विशेष म्हणजे सायकलस्वारांनी गोळा केलेली सगळीच्या सगळी रक्कम संस्थेला देतात, फेरीचा खर्च प्रवेश शुल्क आणि प्रायोजकांकडून भागवतात.

आता मुलांना एक काल्पनिक हिशेब द्या. दोन गट आहेत. 'अ' गटाने १ लाख रुपये जमवले, खर्च ४० हजार. 'ब' गटाने ५० हजार जमवले, खर्च ५ हजार. कोणी चांगले काम केले? 'अ' ने ६० हजार दिले, 'ब' ने ४५ हजार. रक्कम बघितली तर 'अ' पुढे, टक्केवारी बघितली तर 'ब'. इथे एकच उत्तर नाही आणि ते नसू द्या. वाद होऊ दे. फक्त एक गोष्ट सगळ्यांनी वहीत लिहावी : देणगी देताना हिशेब मागणे हा उद्धटपणा नाही, तो देणाऱ्याचा हक्क आहे आणि घेणाऱ्याचे कर्तव्य.

एक सावधगिरी, मनापासून

हा पाठ घेताना 'कर्करोग' हा शब्द वर्गात येणार. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत हा शब्द दबक्या आवाजात बोलतात, मुलांपासून लपवतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी आत्ता उपचार चालू असतील, एखाद्याने कोणाला गमावले असेल. तेव्हा आधी वर्गशिक्षकांकडे, शक्य झाले तर पालकांकडे चौकशी करा. 'तू कोणासाठी सायकल चालवशील?' हा प्रश्न सुंदर आहे, पण त्याचे उत्तर मोठ्याने सांगायची सक्ती नको. चिठ्ठीवर लिहून घडी करून खिशात ठेवली तरी चालेल. एखादे मूल रडले तर तास पुढे ढकला. अभ्यासक्रम उद्याही पूर्ण होईल.

पालकांनाही सांगणे एवढेच : मुलाने घरी येऊन काही विचारले तर 'तुला काय करायचंय' म्हणून उडवून लावू नका. आजार संसर्गजन्य नाही, उपचार होतात, काही जण बरे होतात, काही होत नाहीत. एवढे खरे, साध्या शब्दांत सांगितले तर मुले ते पेलतात. न सांगितलेल्या गोष्टीचीच त्यांना जास्त भीती वाटते.

आपल्या शाळेत काय करता येईल?

मुलांना आपणही फेरी काढू असे वाटणारच. जरूर काढा, पण काही पथ्ये पाळून. मुलांना दारोदारी पैसे मागायला पाठवू नका. निधी जमवायचा असेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने, मोठ्या माणसांनी, पावती देऊन जमवावा आणि हिशेब फलकावर लावावा. मुलांनी 'ज्ञान' वाटावे. गावात पाच किलोमीटरची फेरी, पालकांची लेखी संमती, डोक्यावर हेल्मेट, पुढे-मागे शिक्षक, वाहतूक कमी असलेला सकाळचा रस्ता. विषय घ्या तंबाखूचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने मनाई आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. शाळेच्या फाटकापासून सायकलच्या चाकाने हे अंतर मोजायला लावा : परीघ माहीत आहे, फेरे मोजायचे. त्या अंतरात कोणती दुकाने येतात ते मुलांना दिसेल. पुढे काय करायचे ते मात्र मोठ्यांनी बघायचे, मुलांना दुकानदाराशी भांडायला उभे करू नये.

मदत कुठे पोहोचते तेही सांगा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात राज्यातूनच नाही तर देशभरातून रुग्ण येतात. उपचार महिनोन्महिने चालतात आणि राहायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. औषधाइतकीच गरज एका खोलीची आणि दोन वेळच्या जेवणाची असते, हे मुलांना कळले तर दान म्हणजे फक्त मोठा चेक नव्हे, हेही कळेल.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. ५४० किमीचा प्रवास ८ दिवसांत केला, त्यातले २ दिवस विश्रांती. दोन्ही सरासऱ्या काढा.
२. तुमच्या सायकलच्या चाक्यांचे दात मोजून एका फेऱ्यातले अंतर काढा.
३. अँकरेजला जूनमध्ये दिवस मोठा का असतो? आकृती काढा.
४. 'अ' की 'ब'? तुमचा निर्णय पाच-सहा ओळींत, कारणांसह लिहा.

चौथ्या प्रश्नाला गुण देताना निर्णय बघू नका, कारणे बघा. हा पाठ घेतलात तर मुलांनी काढलेली वेळापत्रके आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे जपून ठेवा. पुढच्या पालकसभेत ती वाचून दाखवा. आपली मुले पैशाचा आणि माणुसकीचा विचार एकत्र करू शकतात, हे पालकांना त्यांच्याच मुलांच्या अक्षरात वाचायला मिळेल.