चौकापासून वाढणारे घर

म्हैसूरहून तिरुमकुडलु नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे गाव आहे. या मुलखातील जुन्या चौकाच्या घरांना कन्नडमध्ये 'तोट्टी मने' म्हणतात. मध्यभागी आकाशाला उघडा चौक, त्याकडे चारी बाजूंनी उतरणारी कौलारू छपरे आणि रस्त्याच्या बाजूस 'जगली', म्हणजे आपली ओसरी. चौसोपी वाडा ज्याने पाहिला आहे त्यास ही रचना परकी वाटणार नाही.

अशा घराची हुबेहूब नक्कल गरीब कुटुंबास परवडत नाही, आणि तिची आवश्यकताही नाही. नाचणी वाळविणे, धान्य पाखडणे, पाहुण्यास बसविणे, उन्हाळ्यात निजणे ही कामे येथे खोलीवाचून होतात, हे या घराचे खरे मर्म होय. बांधकामात महाग असते ते छप्पर. मोकळी जागा सर्वांत स्वस्त. तरीही काटकसर करताना प्रथम ओसरी आणि चौक यांवरच गदा येते व उरते ती एक बंदिस्त पेटी. मग धान्याची पोती चुलीशेजारी येतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ पासूनच्या ग्रामीण विभागात स्वयंपाकाच्या जागेसह किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्यातही १२ मीटरांची खोली, ६ मीटरांचे स्वयंपाकघर व ७ मीटरांची ओसरी बसू शकते. मात्र ती भूखंडाच्या कोपऱ्यात काटकोनात मांडावी आणि उरलेल्या दोन बाजूंस केवळ कुंपणाची भिंत घालावी. पुढे मुलाचे लग्न झाले की तिसरी बाजू उठते. यासाठी त्या भिंतीचा पाया आरंभीच खोलीच्या भिंतीइतका भक्कम हवा. चौकाकडील वळचणीची उंचीही तेव्हाच ठरवावी, नाहीतर नवे छप्पर जुन्यास जुळत नाही.

भिंतींसाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या १९७४ साली सुरू झालेल्या केंद्राचे काम उपयोगी आहे. वाळूमिश्रित तांबड्या मातीत शेकडा ५ ते ८ सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबलेले ठोकळे भट्टीवाचून तयार होतात, जळण वाचते. त्यांना सुमारे तीन आठवडे ओलावा द्यावा लागतो. घाईने रचलेले ठोकळे पावसात झिजतात आणि दोष मात्र मातीला दिला जातो. काळ्या, फुगणाऱ्या मातीस ही रीत तशीच लागू पडत नाही. तेथे चुना मिसळावा लागतो.

चौकातील पाणी बाहेर नेणारी मोरी पायाबरोबरच बांधावी. चारी छपरे पुरी झाल्यावर ती फोडून काढणे फार कष्टाचे होते.