तिनं तुझं नाव वाचलं नाही म्हणून

ये, बस इथे. चहा टाकलाय. परवा पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर तू म्हणालीस, "ताई, आता ती माझं नावसुद्धा वाचत नाही गं." तेवढ्यात महाडची गाडी लागली आणि बोलणं राहून गेलं. पण तुझे भरलेले डोळे काही माझ्या मनातून गेले नाहीत.

आई म्हणेल, यूट्यूबवर लाइव्ह येणाऱ्या चित्रातल्या बाहुलीपायी कसलं रडायचं? मी तसं म्हणणार नाही. कॅमेऱ्यापुढे हाडामांसाची मुलगी बसलेली असते. ती हसली की पडद्यावरचं चित्र हसतं, तिनं मान कलती केली की चित्राची मान कलते. आवाज तिचा, थकवाही तिचाच. जपानची किझुना आय २०१६ च्या अखेरीस आली, 'व्हर्च्युअल यूट्यूबर' हा शब्द तिच्यामुळे रुळला. २०१९ मध्ये त्याच चित्रामागे आणखी वेगळे आवाज आणले, तेव्हा चाहते फार दुखावले. चित्र तेच होतं, पण लोकांचा जीव पहिल्या आवाजावर जडला होता. तेव्हा तुझी माया खोटी नाही, हे आधी मनाशी पक्कं धर.

आता दुसरी गोष्ट. तू आलीस तेव्हा चॅटमध्ये तीस-चाळीस जण होते. तिनं भाकरी करपल्याची गोष्ट सांगितली, तुम्ही सगळे हसलात आणि 'भाकरी' हा तुमचा खुणेचा शब्द झाला. मग कुणीतरी त्याची छोटी क्लिप कापून टाकली, ती पसरली आणि हजारो लोक आले. आता चॅट इतकं भरभर पळतं की ओळ डोळ्यांपुढे ठरत नाही. पैसे भरलेला सुपरचॅट तेवढा रंगीत पट्टीत वर थांबतो. चॅटवर लक्ष ठेवणारे मॉडरेटर आले, नियम आले, लागोपाठ लिहू न देणारा स्लो मोड आला. एका माणसाला दोन तासांत किती नावं वाचता येतील, तूच सांग. ती बदलली असं तुला वाटतं. खरं तर माणसं वाढली, गं.

मला हे कळलं ते २०२१ च्या पुरात. २२ जुलैला सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरलं, फोन लागायला लागले, तेव्हा आम्ही गल्लीतल्या अकरा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. कुणाकडे चिखल उपसायला माणसं हवीत, कुणाला औषध हवं, एवढंच त्यात असायचं. मग मुंबई-पुण्याहून मदत करणारे जोडले गेले. तेव्हा गटात २५६ जणच मावायचे, तेही भरले. एकच मागणी तीनदा येऊ लागली, त्यात 'पाणी पुन्हा चढतंय' अशी अफवा. शेवटी ठरलं की फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं. मला फार राग आला. गट आम्ही काढलेला आणि आम्हालाच बोलायची बंदी! पण त्याच नियमामुळे शेजारच्या आजींचं इन्सुलिन संध्याकाळच्या आत पोचलं. तो मोठा गट कधीच थंडावला. आम्ही अकरा जण मात्र आजही पावसाचा जोर वाढला की एकमेकांना फोन करतो.

म्हणून सांगते, त्या हजारोंत तुझे अकरा शोध. ज्यांच्याशी तू रात्री अभ्यासाबद्दलही बोलतेस, त्या चौघी-पाचजणींचा वेगळा गट ठेव. जवळीक तिथे मिळेल, मोठ्या चॅटकडे ती मागू नकोस.

नाव वाचलं जावं म्हणून सुपरचॅटला पैसे घालू नकोस. पासाचे आणि डब्याचे पैसे तर मुळीच नाही. आणि गर्दी वाढली की तिचा खरा चेहरा, खरं गाव हुडकणारेही येतात. कुणी तसलं काही पाठवलं तर पुढे ढकलू नकोस, मॉडरेटरला कळव. तिच्यावर माया असेल तर ती अशा वेळी दिसते.

आणखी एक सांगते, तयारी असू दे. अशा व्हर्च्युअल यूट्यूबरांच्या निजिसान्जी या जपानी कंपनीनं २०२० मध्ये भारतासाठी शाखा काढली होती, ती २०२१ मध्ये बंदही झाली. तशाच होलोलाइव्ह या दुसऱ्या जपानी गटाची गॉर गुरा सप्टेंबर २०२० मध्ये आली, महिन्या-दीड महिन्यात तिचे दहा लाख सबस्क्रायबर झाले. तीही २०२५ मध्ये निरोप घेऊन गेली. याला ती मंडळी 'ग्रॅज्युएशन' म्हणतात. तुझीही कधीतरी जाईल. त्या रात्री तुझ्यासोबत कोण असेल, ते तू आत्ता कुणाशी कशी वागतेस यावर ठरणार आहे.

तू सांगत होतीस ना, त्या दिवशी एका नव्या पोरानं विचारलं, "सगळे 'भाकरी' का लिहिताय?" आणि जुन्यांनी त्याला हाकलल्यासारखं केलं. तूही गप्प बसलीस. बाळा, पहिल्या दिवशी तुलाही काही कळत नव्हतं, पण कुणीतरी तुला सांगितलं, म्हणून तू तिथे टिकलीस.

आज रात्री ती लाइव्ह येणार आहे ना? तुझं नाव वाचलं गेलं तर उत्तम, नाही गेलं तरी बसून राहा. आणि तो पोरगा दिसला तर त्याला भाकरीची गोष्ट सांग, अगदी पहिल्यापासून. घे, चहा निवतोय.