नोकरी करणाऱ्या आईचा व्यायाम टिकेल कसा?

"डॉक्टर, पहाटे साडेपाचला उठते ती रात्री साडेदहाला पाठ टेकते. यात व्यायाम कुठे बसवू, तुम्हीच सांगा." हे वाक्य दवाखान्यात मी आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते. बोलणारी कधी प्राथमिक शाळेतली शिक्षिका असते, कधी बँकेतली कारकून, कधी परिचारिका, कधी अंगणवाडी सेविका. वय तीस ते पंचेचाळीस. तक्रारीही ठरलेल्या. कंबर धरते, जिना चढताना दम लागतो, बाळंतपणानंतर वाढलेले वजन उतरत नाही. व्यायाम करायला हवा हे या साऱ्याजणींना ठाऊक असते. बहुतेकींनी तो सुरूही केलेला असतो, एक जानेवारीला, पाडव्याला, नाहीतर मुलांना सुट्टी लागल्यावर. आणि पंधरा-वीस दिवसांत तो सुटलेला असतो. म्हणून व्यायाम कोणता करावा यापेक्षा सुरू केलेला व्यायाम टिकवावा कसा, यावर आज लिहिते आहे.

आधी एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकते. "दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम नाही का?" थोडा आहे, पुरेसा नाही. फरशी पुसणे, कपडे घासणे, पाण्याच्या कळशा वाहणे यांत श्वास वाढतो. ते हिशेबात धरायला हरकत नाही. पण गावातल्या बऱ्याच घरांत आता नळ आणि मिक्सर आहेत, कुठे कपडे धुण्याचे यंत्रही आहे. उरते ते ओट्यापुढे एका जागी उभे राहणे. पोळ्या लाटताना मान वाकते, खांदे पुढे झुकतात, कंबरेवर ताण येतो, मात्र हृदयाला आणि फुफ्फुसांना विशेष काम पडत नाही. बाई दमते, पण व्यायाम झालेला नसतो. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या मासिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. पुरुषांत हेच प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. दिवसभर राबणाऱ्या बायका या यादीत पुढे आहेत, हे पुरुषवर्गाने जरा लक्षात घ्यावे.

मग आवश्यक म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. भराभर चालताना सोबतिणीशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग. आणि आमच्या भगिनींसाठी खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पूर्वी असे सांगत की हालचाल सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजे, नाहीतर ती धरायची नाही. २०२० मध्ये ही अट काढून टाकली गेली. पाच मिनिटे चढलेला जिनासुद्धा आता हिशेबात येतो.

तुकड्यातुकड्यांनी केलेली हालचाल अंगी लागते का, अशी शंका असेल तर लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट सांगते. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तेथील दुमजली बसच्या चालकांचा आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघे एकाच गाडीत, एकाच खात्यात. पण चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा. हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांत कमी आढळले. या वाहकांची दिवसभराची चढउतार काही सलग तासभर झालेली नव्हती. मोबाइलवर रोज दहा हजार पावले भरली नाहीत म्हणून हळहळणाऱ्या भगिनींसाठीही एक माहिती. हा आकडा एखाद्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. पाच-सहा हजार झाली तरी ती वाया जात नाहीत.

आता टिकण्याविषयी. माझे स्पष्ट मत असे की व्यायाम सुटतो तो आळसामुळे नव्हे. तो अशा वेळेवर ठेवलेला असतो, जी वेळ त्या बाईच्या मालकीची नसते. पहाटे पाचला उठून अजिंक्यतारा चढायचा, हा बेत फार चांगला. पण रात्री धाकट्याला ताप आला, पाहुणे मुक्कामाला राहिले, शाळेची तपासणी आली की पहिली कात्री लागते ती पहाटेच्या झोपेला, आणि झोप मोडून केलेला व्यायाम महिनाभरही चालत नाही. ज्यांची झोप जेमतेम सहा तास होते त्यांना पहाटे उठा असे मी सांगतच नाही. त्यापेक्षा दिवसात जे काम हमखास होणारच आहे, त्याला व्यायाम अडकवून टाकावा. भिंतीत ठोकलेल्या खुंटीला पिशवी अडकवतो तसा.

एका शिक्षिकाबाईंचे उदाहरण देते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). त्या रोज एसटीने जवळच्या खेड्यात शाळेला जात. पहाटेचा किल्ला त्यांनी बारा दिवस केला आणि सोडला. आम्ही दोघींनी कागदावर त्यांचा दिवस मांडला. सकाळी दूध तापायला ठेवले की ऊतू जाऊ नये म्हणून त्या पाच मिनिटे तिथेच उभ्या असत. ही पहिली खुंटी. तेवढ्यात ओट्याच्या कडेला हात टेकून टाचा पंधरा वेळा वर उचलायच्या, आणि त्याच कडेवर भार देऊन तिरके दंड दहा वेळा काढायचे. दुसरी खुंटी शाळेची मधली सुट्टी. डबा झाल्यावर सहकारी बाईंना घेऊन मैदानाला दहा मिनिटे फेऱ्या. तिसरी संध्याकाळी. साताऱ्यात स्टँडवर उतरल्यावर त्या रिक्षासाठी थांबत आणि राजवाड्याकडे घरी जात. ते अंतर त्या चालून जाऊ लागल्या, वीस-पंचवीस मिनिटे. रिक्षाची वाट बघण्याचा वेळ धरला तर घरी पोचायला दहा-बारा मिनिटांचाच फरक पडत होता. आता हिशेब करा. पाच दिवस वीस मिनिटे म्हणजे १००, पाच दिवस दहा मिनिटे म्हणजे ५०. आठवड्याचे दीडशे पूर्ण झाले, आणि पहाटेची झोप शाबूत राहिली. एक बदल मात्र मुद्दाम करायला लावला. वह्यांनी भरलेली एका खांद्यावरची पिशवी बंद, दोन्ही खांद्यांवर अडकवायची सॅक सुरू.

बेत असा बारकाईने ठरवण्यामागे अभ्यासाचा आधार आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाचे फायदे समजावून सांगितले, तर दुसऱ्या गटाकडून त्याशिवाय एवढेच लिहून घेतले की येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. नुसते फायदे ऐकलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी व्यायाम केला. लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. हे तरुण विद्यार्थी होते, त्यांच्यामागे घर-संसार नव्हता, हे खरे. पण दिवस, वेळ, जागा ठरवायला खर्च काही नाही. 'उद्यापासून चालायला जाईन' असे म्हणू नका. 'मंगळवारी स्टँडवर उतरले की चालत घरी' असे म्हणा.

पाळीची नोकरी असणाऱ्या परिचारिका, पोलीस किंवा कारखान्यातल्या भगिनींना घड्याळ उपयोगी पडत नाही. त्यांनी खुंटी पाळीला लावावी. ड्यूटीवरून घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी, जमिनीवर बसण्याआधी दहा मिनिटे. एकदा पाठ टेकली की कोणीही उठत नाही. मात्र रात्रपाळी करून आल्यावर आधी झोप. त्या दिवशी व्यायाम उठल्यानंतर.

शतपावली ही आपल्याकडची जुनी खुंटी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, हे आता तपासून सिद्ध झाले आहे. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, झपझप चालले तर शंभर पावले एका मिनिटात होतात. ज्यांना गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी तर शतपावली सोडूच नये. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. त्यांनी वर्षातून एकदा रक्ततपासणीही करावी. आमच्याकडे येणाऱ्या अनेकजणी बाळाच्या लसींच्या तारखा तोंडपाठ सांगतात, पण स्वतःची साखर शेवटची कधी तपासली हे त्यांना आठवत नाही.

खंड पडणार, हे गृहीत धरूनच चालावे. लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांवर झालेला सवयींविषयीचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला अधिक दिवस लागले. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवयीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे २१ दिवसांत जमले नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. दिवाळी, लग्नसराई, दहावीची परीक्षा हे दिवस येणारच. त्या दिवसांसाठी एक 'कमीत कमी' ठरवून ठेवावे. दूध तापतानाच्या टाचा तेवढ्या उचलल्या तरी पुरे. आठवडाभर खंड पडला तर पुढच्या सोमवारी त्याच खुंटीपासून पुन्हा सुरू. बुडालेला व्यायाम रविवारी दोन तास चालून भरून काढू नये, गुडघे तक्रार करतात. तापातून उठल्यावर पहिले काही दिवस निम्माच करावा.

आता घरच्यांविषयी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, आणि घरकामात हातभार लावणारे पुरुष ९७ मिनिटे. (हा परिच्छेद घरात कोणीतरी मोठ्याने वाचावा.) बाई दहा मिनिटे उशिरा आली तर संध्याकाळचा चहा कोण टाकणार, हा प्रश्न वर सांगितलेल्या शिक्षिकाबाईंच्या घरीही निघालाच. बारा वर्षांचा मुलगा चहा करायला शिकला. सासूबाईंनी पहिला आठवडा नाक मुरडले, मग त्याच्या हातचा चहा त्यांना आवडू लागला. घरी गोष्ट अशी मांडावी, की कोणी काय करायचे ते नेमके कळेल. 'मला कोणी मदत करत नाही' असे म्हटल्याने भांडण होते. 'सोमवार ते शुक्रवार सहाचा कुकर तुम्ही लावा' असे म्हटले तर काम होते. निदान होण्याची शक्यता वाढते.

एक नाजूक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण तिच्यामुळे कितीतरी जणींचा व्यायाम बंद पडतो आणि त्या खरे कारण सांगत नाहीत. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना, झिम्मा-फुगडी खेळताना लघवीचे थेंब येतात. मंगळागौरीला एके काळी पुढे असणारी बाई मग कोपऱ्यात बसून नुसत्या टाळ्या वाजवते. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि हे बाईच्या जातीला सोसायचेच असते असेही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने असे होते. त्यांचा व्यायाम आर्नल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये सुचवला. लघवी आणि वायू दोन्ही रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आत-वर ओढायचे, पाच आकडे मोजून सोडायचे, तेवढाच वेळ विश्रांती. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. एसटीत बसल्या जागी करता येतो, शेजारणीला पत्ताही लागत नाही. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. तोवर उड्या टाळून चालणे चालू ठेवावे. तरीही त्रास राहिला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सतत थकवा असेल तर व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर आधी त्याचे औषध. तोपर्यंत हळू चालणे पुरे. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. थायरॉईडचीही शंका फेडून घ्यावी. सिझेरियन झालेल्यांनी ताकदीचे व्यायाम साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत. चालताना छातीत दाटून आले, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.

राहता राहिले बूट. सपाट, झिजलेल्या चपलांवर रोज अर्धा तास चालले की टाच दुखू लागते आणि तिथेच व्यायाम संपतो. साडीवर बूट बरे दिसत नाहीत म्हणून अनेकजणी टाळतात. पिशवीत बूट ठेवावेत, स्टँडवर बदलावेत, चपला पिशवीत टाकाव्यात. महागडी कंपनी लागत नाही. टाचेला गादी हवी, पुढे बोटे हलायला जागा हवी. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट तेव्हा आवळतो.

(टाचदुखीविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांना पुढील आठवड्यात उत्तर देईन.)