पाणी अडवले कोणी, मुरले कोणासाठी?

(द्वितीय वर्ष, कला)

पर्यावरणाचा विषय निघाला की आपण झाडे, माती आणि पाणी यांविषयी बोलतो. माणसांविषयी बोलायचे राहून जाते. अडवलेले पाणी पुढे कोणाच्या रानात जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी कामांवर राबली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी, ही तत्त्वे त्या काळी लहान नव्हती. कामावर बायांची संख्या मोठी असे. माझी आजी त्यांतलीच. पाट्या वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले, ते पुन्हा आले नाहीत.

या कामांत पाझर तलाव पुष्कळ झाले. पाझर तलावातले पाणी जमिनीत मुरते आणि बांधाखालच्या विहिरींना उतरते. म्हणजे ज्याची खाली जमीन आणि जमिनीत विहीर, त्याचे पाणी. भूमिहीन बाईला मजुरी मिळाली हे खरे; त्या मजुरीने चुली पेटल्या, हेही नाकारता येणार नाही. परंतु तलाव झाल्यावर ती त्याच विहिरीच्या मळ्यात खुरपायला गेली. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात अशा कामांना 'उत्पादक मत्ता' म्हटले आहे. मत्ता कोणाची, ते लिहिलेले नाही!

पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी हा प्रश्न धसास लावला. १९७४ साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि मुख्य म्हणजे, भूमिहीनालाही वाटा.

येथे बाई मोजली गेली, तान्हे मूलही मोजले गेले. तरी वाटा कुटुंबाला मिळे, आणि कुटुंब म्हणजे आपल्याकडे कर्ता पुरुष. पुढे २००५ च्या कायद्याने कालव्यांवर पाणीवापर संस्था आल्या, त्यांचेही सभासदत्व जमिनीशीच जोडलेले. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिने पाण्याच्या बैठकीत बसावे तरी कशाच्या आधारावर?

पाणी पंचायतीच्या योजना उपशाच्या होत्या, त्यामुळे वाटणी करता आली. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याची ती कशी करणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण विहिरींचे मालक गावाला ठाऊक असतात, आणि हजेरीपटावरची नावेही. पाऊस आता पूर्वीपेक्षा लहरी झाला आहे; बांधबंदिस्तीची कामे पुन्हा निघत आहेत. काम सुरू होण्यापूर्वीच या दोन याद्या ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्यांच्या विहिरींना पाणी वाढेल त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा, आणि तो भिजेल एवढी जमीन खंडाने, कामावरच्या भूमिहीन बायांच्या गटाला द्यावी, असे तिथेच लिहून घ्यावे.