दादाची आठवण लिहिणाऱ्या लेकीला

पोरी, वर्षश्राद्धाआधी बाबांवर छोटी पुस्तिका काढायची म्हणतेस. काढ, छान आहे. पण तुझा स्वभाव बापाचाच, एकदा गळ टाकला की जेवणाची शुद्ध नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी आत्याचं थोडं ऐक. पटेल ते घे, उरलेलं दादा करायचा तसं 'हो हो' म्हणून सोडून दे.

१. सगळ्यात आधी दवाखान्यातला रबरी शिक्का आणि लेटरहेडं कुलपात घाल, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला कळवून टाक — शिक्का मोकळा राहिला की सही आपोआप उगवते, आणि गेलेला डॉक्टर लोकांना आजारपणाच्या रजा देत बसतो.

२. केसपेपर रद्दीवाल्याला देऊ नकोस. दाखल करून घेतलेल्या रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचा नियम आहे. त्याहून जुने असतील ते बारीक फाडून, भिजवून टाक — नाहीतर पुढच्या जत्रेत कुणाच्या तरी मूळव्याधीत बांधलेली भेळ हातात यायची.

३. रुग्णांचे किस्से हवे तितके घाल, नावं घालू नकोस. 'खालच्या आळीतल्या अमक्याची सून' असंही नको — गावात न घेतलेलं नावच आधी कळतं.

४. किस्सा ऐकलास की साल पडताळून बघ. दादाने बहात्तर साली विंचू चावलेल्या पोराला प्राझोसिन देऊन वाचवलं, असं कुणीतरी छातीठोक सांगेल. विंचवावर ते औषध चालतं हे दाखवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी, आणि 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं १९८६ साली. पोरगं वाचलं असेल, दादा रात्रभर उशाशी बसलाही असेल, तेवढंच लिही — गेलेल्या माणसाची उंची आणि निसटलेल्या माशाची लांबी दर सांगण्याला वाढते.

५. पदवी होती तीच लिही. एमबीबीएस म्हणजे एमबीबीएस — शेजाऱ्यांनी चढवलेली एमडी तो हयातीत स्वतःच उतरवायचा.

६. कोळीवाड्यात विचारायला जाशील तेव्हा पाण्याचं गणित शिकून जा. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरणार ते साधारण कळतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. म्हातारे नाखवा तुला तारीख सांगणार नाहीत, 'अष्टमीचं भांगाचं पाणी होतं' एवढंच म्हणतील — आणि दादाची सगळी कर्मकथा त्यातच आहे.

ती अशी. दवाखाना नऊला उघडायचा, त्यामुळे त्याच्या हातात पहाट तेवढी. पहाटे भरलेलं पाणी मिळायचं ते सप्तमी-अष्टमी-नवमीला, म्हणजे नेमकं भांगाचं, सुस्त. उधाणाची भरती यायची पुनवेला-अवसेला भर दुपारी, तेव्हा हा कुणाच्या तरी छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेला. रेवदंड्याच्या जेट्टीवर, समोर कोर्लईचा डोंगर, उभं आयुष्य गळ टाकून बसला, पण जिताडा हाती लागला तो मोजकाच. बाकी बोईट नाहीतर शिंगाळा. लोक म्हणायचे डॉक्टरला मासेमारी येत नाही. येत होती गं, पाण्याची आणि दवाखान्याची वेळ जुळत नव्हती! गावाला मात्र त्याचं हे पंचांग पाठ होतं. अष्टमीला सकाळी पोराला ताप भरला तर आया दवाखान्याकडे न जाता सरळ जेट्टीची वाट धरायच्या. पुस्तिकेत एक पान कापायची वेळ आली तर दुसरं काहीही काप, हे नको.

७. माशांची नावं त्याने डायरीत लिहिली तशीच ठेव, जिताड्याला 'सी बास' करू नकोस. शास्त्रीय नावाची हौसच असेल तर 'लेट्स कॅल्करिफर' घाल. त्यातलं 'कॅल्करिफर' १७९० साली ब्लॉख नावाच्या बर्लिनच्या डॉक्टरने दिलंय — म्हणजे रुग्ण सांभाळून माशांच्या मागे लागणारा आपलाच एकटा वेडा नव्हता.

८. त्याचा थर्मास आठवतो ना? त्यात चहा नसायचा, गरम पाणी असायचं. शिंगाळ्याचा काटा कुणाला लागला की सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो हात बुडवून ठेवायला लावायचा — उष्णतेने त्या विषाची कळ उतरते. हे नक्की घाल. सोबत हेही घाल की पाणी दुसऱ्या, धड हाताने आधी बघायचं, दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. आणि नंतर डॉक्टरकडे जायचंच, काटा आत राहिलाय का ते बघून घ्यायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला.

९. तुम्ही तिघं भावंडं वेगवेगळं बसून लिहा, मग एकत्र वाचा — एकत्र बसलं की थोरल्याची आठवण सगळ्यांची होते. पहिल्या पावसात वलगण चढायची तेव्हा तो तुम्हाला बॅटरी घेऊन बांधावर न्यायचा, आणि एकही मासा धरू द्यायचा नाही, पोटात गाबोळी असते म्हणून. मला वाटतं तिघांना तीन वेगळ्या रात्री आठवतील.

१०. 'देवमाणूस' हा शब्द घालशील तर मी पुस्तिका हातात घेणार नाही. रविवारी सगळ्यांची ताटं एकत्र मांडलेली लागायची, बोईटाचे काटे काढून तुमच्या ताटात घास ठेवायचा, आणि मध्ये कुणी बोललं की खेकसायचा. दोन्ही लिही — देवाला काटे काढावे लागत नाहीत.

११. गळाचं सामान नातवाला द्यायचं तर जुना तंगूस काढून नवा घाल, आणि गऱ्या बुचात टोचून ठेव — पोरं डबा बोटांनी उघडतात, डोळे मागाहून पोचतात.

१२. फोटो निवडताना सत्काराचे दोन पुरेत. शालीत सगळे डॉक्टर एकसारखे दिसतात.

१३. वहिनीला शेवटी नको, आधी विचार, आणि दुपारी एकटीला गाठ. 'मला काय आठवतंय' म्हणेल. उठून येऊ नकोस, दुसरा चहा टाक. मासे साफ करायला तिच्याकडेच यायचे, तेव्हा कुठल्या दिवशी टोपली रिकामी आली आणि त्या दिवशी दवाखान्यात काय झालं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचार, आणि नाही म्हणाली तर फोन बाहेर ठेवून ये.